शून्याचा तांदूळ

आमच्या लॅबमध्ये गेले पाच महिने एकाही तांदळात विष सापडलं नव्हतं, आणि याचा आम्हा सगळ्यांना फार आनंद होता.

मी सुनेत्रा. जबलपूरला नेपियर टाउनमध्ये एका कोचिंग क्लासच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, अन्न तपासायची आमची खासगी लॅब आहे. खाली पोरं फिजिक्सची सूत्रं ओरडत असतात आणि वर आम्ही दूध, मसाले, तांदूळ तपासत असतो. माझ्याकडे तांदूळ, आणि त्यातही आर्सेनिक. हे जमिनीत आणि खोल पाण्यात असतं, भाताचं रोप ते इतर पिकांपेक्षा जास्त ओढून घेतं, आणि त्याला ना रंग, ना वास, ना चव. किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात, त्यापुढे गेलं की माल नापास. तो आकडा मी काढते आणि खाली सही ठोकते. मला चुका खपत नाहीत. दुसऱ्यांच्या तर मुळीच नाहीत, लॅबमध्ये कुणालाही विचारा.

दिवाळीपासून तांदळाच्या मिलवाल्यांना आमची लॅब भलतीच आवडायला लागली होती. पूर्वी दहातला एखादा नमुना तरी नापास व्हायचा, मग त्यांचे फोन, मग माझी भांडणं. आता सगळे पास. रिपोर्टवर एकच ओळ, 'आर्सेनिक : आढळले नाही'. लॅबचे मालक आनंद सर खूश होऊन म्हणायचे, "इस साल फसल ही अच्छी है." मीही मान डोलवायचे. माझ्यासारखी संशयी बाई पाच महिने मान डोलवत राहिली, हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मार्चमधल्या त्या बुधवारी कुरियरने एक एवढीशी बाटली आली. तिच्यात तांदळाची पूड होती, आणि पुडीत आर्सेनिक नेमकं किती ते लेबलवर छापलेलं होतं : ०.२८. ही पूड तपासायची ती स्वतःची परीक्षा घ्यायला. आपला आकडा लेबलशी जुळला तर मशीन, आम्ल, हात सगळं ठीक. आधीची बाटली ऑक्टोबरात संपली होती आणि नवी परदेशातून यायला पाच महिने लागले. मधल्या काळात आम्ही परीक्षेशिवायच काम रेटलं. असं करू नये, पण अडलं की सगळे करतात.

बाटली आली तशी दीपाने ती तपासायला घेतली. दीपा नागपूरची, दोन वर्षांपासून माझ्या हाताखाली आहे, आणि माझा स्वभाव ओळखून असल्यामुळे वाईट बातमी दारातूनच सांगते.

"मॅडम, हे 'आढळले नाही' म्हणून राहिलं."

"काय आढळलं नाही?"

"आर्सेनिक."

"लेबलवर छापलंय, दीपा. बाटली उघडली होतीस ना? की बंद बाटलीच्या भोवती प्रदक्षिणा घातलीस?"

"काहून चिडता मॅडम? दोनदा लावलं मी. दोन्ही वेळा तेच येऊन राहिलं."

मी तिला बाजूला केलं आणि स्वतः बसले. अर्धा ग्रॅम पूड तोलली, आम्लात घातली, भट्टीत तासभर विरघळवली, मशीनला दिली. 'आढळले नाही.' मग मी रिपोर्ट बाजूला सारून आतला कच्चा आकडा उघडला. आमच्या सॉफ्टवेअरला शिकवून ठेवलंय की आकडा फारच बारीक असेल तर उगाच दाखवत बसू नकोस, सरळ 'आढळले नाही' लिही. तो कच्चा आकडा होता उणे ०.१०.

उणे आर्सेनिक जगात कुठे नसतं. डब्यात लाडू नाहीत हे समजता येतं, पण डब्यात उणे दोन लाडू आहेत असं कुणी म्हणालं तर त्याला डॉक्टरकडे न्यावं लागेल. मी मागचे कच्चे आकडे उघडत गेले. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर. उणे, उणे, उणे, मधेच एखादा अधिक, पुन्हा उणे. पाच महिने मशीन मला ओरडून सांगत होतं आणि मी खाली छापून आलेली ओळ वाचून सह्या करत होते.

"तराजू ठीक आहे मॅडम," दीपा म्हणाली. ती माझ्या मागे उभी राहून बोटांवर मोजत होती. "आम्ल नवीन आहे. मशीनची सर्व्हिस झाली. मग उरलं काय?"

उरलं होतं शून्य.

हे सांगायला हवं. तांदूळ आम्लात विरघळवला तरी त्यातलं बाकीचं सगळं त्या पाण्यात असतंच, आणि त्यामुळे मशीनचा गोंधळ उडू शकतो. म्हणून रोज सकाळी आधी एक स्वच्छ तांदूळ विरघळवून मशीनला दाखवायचा आणि सांगायचं की बाबा रे, हे शून्य, इथून पुढे मोज. मशीन बिचारं ऐकतं. त्या तांदळात जे काही असेल ते धरूनच त्याला शून्य समजतं. आमच्याकडे त्या बरणीला 'झीरोवाला चावल' म्हणतात.

मी फडताळातून बरणी काढली. लेबल माझ्याच अक्षरातलं होतं : 'झीरो. घरचा तांदूळ.' आणि खाली ऑक्टोबरची तारीख.

जुना शून्याचा तांदूळ तेव्हा संपला होता. आनंद सर म्हणाले, कुठूनही एखादा स्वच्छ तांदूळ आणा. मला फार शोधावं लागलं नाही. माझे सासरे, विष्णू अप्पा, इथल्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर शहराबाहेर थोडी जमीन घेऊन भात पिकवतात. युरिया नाही, फवारा नाही, शेणखत आणि स्वतःचे दोन हात. जबलपूरच्या निम्म्या मराठी घरांत त्या तांदळाचं कौतुक आहे. त्याहून स्वच्छ तांदूळ कुठला असणार? नियमाप्रमाणे तो आधी नुसत्या कोऱ्या आम्लासमोर तपासायला हवा होता. मी तपासला नाही. घरच्या तांदळाची कुणी झडती घेतं का?

"दीपा, सकाळचं शून्य अजून रॅकमध्ये आहे ना? नुसत्या आम्लासमोर लाव."

तीन मिनिटं लागली. दीपाने खुर्ची मागे सरकवून मला जागा करून दिली.

०.३८.

मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. त्या क्षणी मला मिलवाले आठवले नाहीत, रिपोर्ट आठवले नाहीत, नोकरी आठवली नाही. मला आर्या आठवली. माझी मुलगी, अकरा महिन्यांची, चेरीतालच्या घरी आजीच्या मांडीवर. सातव्या महिन्यात तिचं उष्टावण झालं, तेव्हापासून ती हाच तांदूळ खात होती. उष्टावणाच्या आधी अप्पा मला म्हणाले होते, "नातीच्या तोंडात जाणार आहे, एकदा तुझ्या मशीनवर लावून घे." मी लावला. शून्य आलं होतं. नुसतं शून्य, पुढे मागे काही नाही. मी आणि दीपा हसलोही होतो, की बघ, याला म्हणतात घरचा तांदूळ. आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही की समोर तोच तांदूळ ठेवलाय.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेबाराला तिचं जेवण.

मी घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई अनसूया, फोन देवघरात ठेवतात आणि स्वतः स्वयंपाकघरात असतात. अप्पांचा लावला, तो व्यस्त. सुमेध, माझा नवरा, बँकेच्या कामाने कटनीला असतो, त्याला कळवून तो तिथून काय वाटी ओढणार होता? मी किल्ली घेतली आणि जिन्यावरून धावत सुटले.

स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. राइट टाउनच्या चौकात एक ऑटोवाला ओरडला, "दीदी, मरना है क्या?" मी मनात म्हटलं, मला नाही रे बाबा. पाच महिने, दिवसातून दोनदा, असा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तो मला थांबवता येईना. सात-आठ किलोचं लेकरू. मोठ्या माणसाला मर्यादेच्या दुप्पट म्हणजे काय आणि तिला म्हणजे काय, याचा भागाकार मला येत होता, आणि तो येतो याचाच त्या दिवशी मला राग आला.

दार उघडंच होतं. आई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, आर्या त्यांच्या पायांवर, आणि हातात उष्टावणाची चांदीची वाटी. अर्धी रिकामी.

"थांबा! देऊ नका!"

मी वाटी हिसकावून घेतली. पेज माझ्या हातावर, आईंच्या पातळावर सांडली. आर्या आधी दचकली, मग तिने जो काही टाहो फोडला. अप्पा फोन टाकून बाहेर आले.

"काय झालं बेटा? पाल-बिल पडली का काय?"

"आज तिला भात नको. पेज नको. नाचणीचं सत्त्व आहे ना, ते द्या."

"काहून?"

"मशीन बिघडलंय, अप्पा."

"मशीन बिघडलं तर मशीन दुरुस्त करा," अप्पा म्हणाले, "पोरीच्या तोंडचा घास काहून काढून राहिली? घरचा तांदूळ आहे. तुझ्याच मशीननं पास केलेला."

हातातली वाटी ठेवायला मी ओट्याशी गेले आणि तिथेच थिजले. ओट्यावर भाताचं पातेलं तिरकं करून ठेवलं होतं, झाकण लावून, खाली मोठ्या वाडग्यात निथळ गळत होती. आमच्याकडे भात वेळून करतात. भरपूर पाण्यात शिजवायचा आणि वरचं दाट पाणी ओतून काढायचं. इथले लोक त्याला माड म्हणतात, आई पेज म्हणतात. अप्पांना साखर आहे, म्हणून मोठ्यांना निथळलेला मोकळा भात. आणि सत्त्व सगळं पाण्यात उतरतं, म्हणून ती पेज बाळाला.

सत्त्व उतरतंच. आर्सेनिकही उतरतं. कुठल्याही पुस्तकात लिहिलंय की भात भरपूर पाण्यात शिजवून पाणी फेकून द्यावं, म्हणजे बरंचसं आर्सेनिक निघून जातं. आम्ही ते पाणी फेकत नव्हतो. मोठ्यांच्या ताटातलं विष गाळून आम्ही रोज एका वाटीत गोळा करत होतो आणि वर तूप-मीठ घालून घरातल्या सगळ्यात लहान माणसाला भरवत होतो. इतक्या प्रेमानं, की एक चमचा वाया जाऊ देत नव्हतो.

"अप्पा," मी विचारलं. "शेतात बोअर कधी मारलात?"

"दोन साल झाले. पहिले तलावाचं पाणी होतं ना, ते कमी पडून राहिलं होतं. तीनशे फूट गेलो. एकदम गोड पाणी लागलं." ते सांगतानाही त्यांचा चेहरा उजळला. "काहून?"

"असंच," मी म्हटलं.

मी डब्यातला कच्चा तांदूळ घेतला, वेळलेला भात घेतला, वाडग्यातली पेज घेतली. मग आर्याची लघवी हवी होती, आणि तुलनेला माझी. बाळांसाठी चिकटणारी प्लास्टिकची पिशवी मिळते, ती येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घ्यायचं मला सुचलं नव्हतं, पुन्हा धावत जाऊन आणली. ती लावून तासभर आम्ही तिच्यासमोर बसलो. एरवी दर वीस मिनिटांनी दुपटं ओलं करणारी पोरगी त्या दिवशी हटून बसली. आई शू-शू करत होत्या आणि मधून मधून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी एकदाही विचारलं नाही की काय चाललंय. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं स्वतः लावलं. शून्य यावेळी नुसत्या शुद्ध आम्लाचं घेतलं, आणि दीपाने बाजूला ती ०.२८ वाली पूड पुन्हा लावली. ती ०.२७ आली. म्हणजे आता मशीन खरं बोलत होतं. कच्च्या तांदळात ०.३८. वेळलेल्या भातात त्यातलं जेमतेम अर्धं उरलं होतं, आणि गेलेलं जवळजवळ सगळं पेजेत सापडलं. बेरीज जुळली. आयुष्यात पहिल्यांदाच बेरीज जुळल्यावर मला रडू आलं.

आर्याच्या लघवीतला आकडा माझ्या लघवीतल्या आकड्याच्या साडेतीन पट होता.

दीपा पाण्याचा ग्लास ठेवून गेली. मी आनंद सरांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"पाँच महीने के सब रिपोर्ट वापस बुलाने पड़ेंगे?"

"सगळे."

"आपके ही साइन हैं सब पर."

"माहीत आहे, सर."

भल्या माणसाने आदळआपट केली नाही. यादी काढायला बसले. मला म्हणाले, आधी मुलीला दाखवून या.

डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी आर्याचे तळहात पाहिले, नखं पाहिली, तिला हसवलं. ती हसली. मग मला म्हणाले, "बंद किया न? अच्छा किया. शरीर हे बहुतेक चार-पाच दिवसांत बाहेर टाकतं. आठ दिवसांनी परत बघू, आकडा उतरलेला दिसेल." मी विचारलं, आणि जे आतापर्यंत झालं त्याचं काय? वाढीवर, डोक्यावर काही परिणाम? "ते आज कुणीच सांगू शकणार नाही. वाढते का, बोलते का, शिकते का, बघत राहायचं." म्हणजे वर्षानुवर्षं. ती पहिला शब्द उशिरा बोलली तरी मला तो तांदूळ आठवणार होता, गणितात कमी मार्क पडले तरी तोच. मी भ्याले. इतकी मी बाळंतपणातही भ्याले नव्हते.

संध्याकाळी सहाच्या सुमारास घरी आले. आता अप्पांना सांगायचं होतं. मी वाटेत चार तऱ्हांनी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. अप्पा झोपाळ्यावर बसले होते. मी समोर स्टूल ओढून बसले आणि जसं झालं तसं सांगून टाकलं. बरणी, बोअर, पेज, सगळं.

मला वाटलं होतं ते भडकतील. त्यांचा जीव आहे त्या शेतावर. पण अप्पांनी पस्तीस वर्षं फॅक्टरीत मोजमापं तपासायचं काम केलंय. काट्याचं शून्य हललं की पुढचं सगळं हलतं, हे त्यांना माझ्यापेक्षा आधीपासून माहीत होतं.

"म्हणजे," ते म्हणाले, "तू तांदळातून तोच तांदूळ वजा केला."

"हो."

"अन् शून्य आलं."

"हो, अप्पा."

"येणारच," ते म्हणाले. झोपाळा त्यांनी पायाने थांबवला. "अन् त्या पाण्याला मी गोड म्हणून राहिलो होतो."

आई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी भरवत होते. माझ्या हातानं." मी त्यांच्याजवळ गेले. आम्ही दोघी नुसत्या एकमेकींचे हात धरून बसलो. आर्या मधेच रांगत येऊन आईंच्या बांगड्या ओढत होती.

अप्पा उठून आत गेले आणि एक पातळ फाइल घेऊन आले. ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. आत माझ्या रिपोर्टच्या झेरॉक्स होत्या. दिवाळीचा रिपोर्ट. 'नमुना : घरचा तांदूळ. आर्सेनिक : आढळले नाही.' खाली माझी सही, लॅबचा शिक्का.

"हे काय, अप्पा?"

"वीस काढल्या होत्या," ते म्हणाले. "आपल्या लोकांत कोणाचं उष्टावण राहिलं की मी तांदूळ देतो ना. यंदा थैलीसोबत हा कागदही देऊन राहिलो होतो. लोकांना वाटलं पाहिजे ना, की विष्णूजी नुसतं बोलत नाही, तपासून देते."

मी झेरॉक्स मोजल्या. सहा उरल्या होत्या.

चौदा घरं. चौदा बाळं, कुणाचं उष्टावण दिवाळीत, कुणाचं संक्रांतीला, कुणाचं मागच्या आठवड्यात. मिलचे रिपोर्ट आनंद सर परत मागवतील, त्याला पत्रं आहेत, नियम आहेत. हे कागद कुठल्याच यादीत नव्हते. ते लोकांच्या स्वयंपाकघरात होते आणि त्यांच्यावर माझं नाव होतं.

"आत्ता लावा फोन," मी म्हटलं. "एकेकाला. आत्ता."

अप्पांनी चष्मा लावला. पहिला नंबर सुखदाचा होता. गेल्या वर्षीच पुण्याहून आलेली मुलगी, नवरा कॉलेजात शिकवतो, राइट टाउनमध्ये राहतात, इथे ना सासर ना माहेर. तिच्या गौरांगचं उष्टावण आमच्याच लोकांनी जमून केलं होतं, मामाच्या जागी अप्पा बसले होते. आठ महिन्यांचा गोरापान गोळा. अप्पांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"सुखदा बेटा, मी विष्णू काका बोलून राहिलो."

"हां काका! बोला ना."

"तो तांदूळ..." अप्पा थांबले. "बेटा, तो तांदूळ जो मी दिला, तो फेकून दे."

"का हो? कीड लागली का तुमच्याकडे? आमचा एकदम छान आहे. मी उलट अजून मागणार होते तुम्हाला."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं ज्यांनी खोटं माप पास केलं नाही, त्या माणसाच्या तोंडून तो शब्द निघेना. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"सुखदा, मी सुनेत्रा."

"अय्या, ताई! तुमचे तर मला आभारच मानायचे होते. अहो, इथे नवीन जागा, कशात काय भेसळ असेल सांगता येत नाही ना. मला इतकी भीती वाटायची. तो तुमचा कागद मिळाला आणि जीव भांड्यात पडला बघा. मी गौरांगचं बाकीचं सगळं बंदच करून टाकलं. नाचणी नाही, रवा नाही, बाहेरचं काही नाही. ते कुणी तपासलंय? याचा निदान कागद तरी आहे. आता तीन वेळा हीच पेज."

माझ्या शेजारी आईंनी पदर तोंडावर दाबून धरला.

"सुखदा, नीट ऐक. त्या कागदावरचा आकडा चुकीचा आहे. सही माझी आहे, चूक माझी आहे. त्या तांदळात आर्सेनिक आहे आणि ते सगळ्यात जास्त पेजेत उतरतं. गौरांग आत्ता काय करतोय?"

मागे मिक्सर चालू होता की टीव्ही, कळलं नाही. चमचा वाटीवर वाजल्याचा आवाज मात्र स्पष्ट आला, आणि मचमच करत गिळणारं बाळ.

"काय म्हणालात, ताई? आवाज तुटतोय. थांबा हं एक मिनिट, शेवटचे दोनच चमचे राहिलेत, तेवढे भरवते आणि बोलते."